कॅप्टन वॉकरचा दबक्या चालीचा हल्ला कोटा फरशीवर कसा दाखवावा?

फुटाळाकाठ

नमस्कार मंडळी. धंतोलीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात आमच्या इतिहास मंडळाची दीड तासाची बैठक आहे. विषय आहे ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन फ्रेडरिक जॉन वॉकर, दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांच्या मागे लागलेला अधिकारी. चाळीसेक लोक येतील, अर्धे कॉलेजचे, अर्धे निवृत्त. नागपूरच्या माणसाचा समुद्राशी संबंध सहलीपुरताच. त्यामुळे नुसते फोटो अन् तारखा दाखवल्या तर हे मनात उतरणार नाही. त्याचा प्रसिद्ध हल्ला, ज्याला इंग्रजीत ‘क्रीपिंग अटॅक’ म्हणतात, तो फरशीवरच करून दाखवावा असे वाटते. हॉल ३० फूट लांब, २० फूट रुंद, कोटा फरशी.

कारकिर्दीतले काय घ्यावे अन् काय सोडावे? फरशीवरची मापे कशी बसवावी? आणि या विषयावर बोलताना लोक कुठे चुकतात? जाणकारांनी सांगावे.

जुना महालकर

विषय चांगला घेतला. माझे मत सरळ आहे: वॉकरची गोष्ट १९४१ पासून सुरू करू नका, ती कळणार नाही. जन्म ३ जून १८९६, प्लिमथ. १९०९ मध्ये नौदलात, ऑस्बर्न आणि डार्टमथला शिक्षण. पहिल्या महायुद्धात आधी ‘एजॅक्स’ ही युद्धनौका, मग ‘मर्मेड’ आणि ‘सार्पेडन’ या विनाशिका. इथवर एका मिनिटात उरका.

खरा मुद्दा पुढे आहे. १९२० च्या दशकात त्याने पाणबुडीविरोधी युद्ध हा विषय निवडला. त्या काळात नौदलात मान होता तोफखान्याला. मोठ्या तोफा, मोठी जहाजे, बढती त्या वाटेने. पाणबुडी शोधणे हे आडवळणाचे काम समजत. पोर्टलंडच्या ‘ऑस्प्रे’ या पाणबुडीविरोधी शाळेत त्याने वर्षे घालवली, आणि कॅप्टनपदाच्या बढतीत त्याचे नाव मागे पडले. युद्ध सुरू झाले तेव्हा तो कमांडरच होता. १९४० मध्ये डोव्हरला व्हाइस अॅडमिरल रॅम्झे यांच्या हाताखाली किनाऱ्यावरची नोकरी, डंकर्कची माघार तिथूनच हाताळली गेली. समुद्रावरची नेमणूक मिळाली ऑक्टोबर १९४१ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी: ‘स्टॉर्क’ हे स्लूप आणि ३६ वा रक्षक गट. स्लूप म्हणजे विनाशिकेपेक्षा हळू, पण लांब पल्ल्याचे, ताफ्याबरोबर चालायला बांधलेले जहाज. गटात दोन स्लूप आणि सात कॉर्व्हेट (ताफा राखणारी आणखी लहान जहाजे).

दोनच महिन्यांत एचजी ७६ ताफा. १४ डिसेंबर १९४१ ला जिब्राल्टरहून ३२ व्यापारी जहाजे निघाली. ताफ्याभोवतीच्या लढाईत यू-१३१, यू-४३४, यू-५७४ आणि यू-५६७ या चार पाणबुड्या बुडाल्या. आधी १५ तारखेला ऑस्ट्रेलियन विनाशिका ‘नेस्टर’ने बुडवलेली यू-१२७ धरली तर पाच. आपल्या बाजूचे नुकसान: दोन व्यापारी जहाजे, ‘स्टॅन्ली’ ही विनाशिका आणि ‘ऑडॅसिटी’ ही छोटी विमानवाहू नौका.

यू-५७४ चा प्रसंग जरूर सांगा. तिने ‘स्टॅन्ली’ला उडवले अन् ‘स्टॉर्क’च्या तावडीत सापडली. पाण्यावर आलेली पाणबुडी आत वळत राहिली, ‘स्टॉर्क’ तिच्यामागे गोल फिरत राहिले. जहाज इतके जवळ होते की चार इंची तोफांचे नळे तेवढे खाली झुकेनात. शेवटी वॉकरने जहाजाचे नाक तिच्यावर घातले.

३० जून १९४२ ला कॅप्टन. मग लिव्हरपूलला काही महिने किनाऱ्यावर, आणि १९४३ मध्ये ‘स्टार्लिंग’ व दुसरा सपोर्ट ग्रुप: स्टार्लिंग, वाइल्ड गूज, सिग्नेट, रेन, वुडपेकर, काइट. फरक इथे समजावून सांगा. रक्षक गट ताफ्याला बांधलेला असतो. पाणबुडी पाण्याखाली दाबून ठेवायची आणि ताफा पुढे गेला की परत फिरायचे, कारण जहाजे उघडी पडतात. सपोर्ट ग्रुपला ते बंधन नाही. तो एकाच पाणबुडीवर पंधरा तास बसू शकतो. यू-२०२ वर १ जून १९४३ ला तो साधारण तेवढाच वेळ बसला, आणि हवा अन् बॅटरी संपल्यावर मध्यरात्रीनंतर ती वर आली. फरशीवरचा हल्ला या मोकळीकीतूनच शक्य झाला.

खडू आणि दोरी

महालकर काकांनी पाया घातला, मी मापे देतो. प्रमाण असे धरा: १ फूट = १०० यार्ड. म्हणजे १:३००. हेच का, ते पुढे पाहा.

ब्लॅक स्वान जातीचे स्लूप २९९ फुटांचे. या प्रमाणात ते १२ इंच होते. म्हणजे शाळेची फूटपट्टी हेच तुमचे ‘स्टार्लिंग’. जर्मन टाइप ७ सी पाणबुडी २२० फूट, म्हणजे पावणेनऊ इंचांची पुठ्ठ्याची पट्टी. वेगाचा हिशेबही तोंडी होतो: एक नॉट म्हणजे मिनिटाला ३४ यार्ड, फरशीवर ४ इंच. पाण्याखाली ३ नॉटने जाणारी पाणबुडी मिनिटाला १२ इंच, ५ नॉटचे जहाज २० इंच, १५ नॉटचे ६० इंच.

आता डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात टाकल्यावर खोलवर फुटणारे बॉम्बचे पिंप. पिंपात सुमारे २९० पौंड स्फोटक, पण पाणबुडीचे कवच फोडायला ते साधारण २० फुटांच्या आत फुटावे लागते. २० फूट त्रिज्येचे वर्तुळ या प्रमाणात १.६ इंच व्यासाचे होते, जवळजवळ कॅरमच्या स्ट्रायकरएवढे. स्ट्रायकर हातात धरून लोकांना दाखवा अन् मग तीस फुटी हॉलकडे बोट करा. दुसरे काही सांगावे लागणार नाही. स्ट्रायकर ठेवून पुठ्ठ्याच्या २६ चकत्या कापून घ्या.

आधी जुन्या पद्धतीचा हल्ला करून दाखवा, तोही फसलेला. पाणबुडी ५०० फूट खोल, वेग ३ नॉट. जहाज तिच्या मागे १० फुटांवर, वेग १५ नॉट. पहिल्या मिनिटाला जहाज ५ फूट सरकवा, पाणबुडी १ फूट. दुसऱ्या मिनिटाला तेच. अंतर उरले २ फूट, म्हणजे २०० यार्ड. इथे थांबा. अॅस्डिक, म्हणजे आजच्या भाषेत सोनार, पुढे बघते, खाली नाही. जवळ येताच खोल पाणबुडी त्याच्या झोताखाली निसटते. बोट जितकी खोल, तितकी आधी निसटते. इथून पुढे जहाज आंधळे.

उलट पाणबुडीतल्या माणसाला सगळे ऐकू येते. जहाजाच्या पंख्यांची (प्रॉपेलरची) घरघर वाढली, पिंगचा, म्हणजे अॅस्डिकने सोडलेल्या ध्वनीच्या ठोक्याचा, आवाज जवळ आला. तो ७ नॉटपर्यंत वेग चढवतो अन् सुकाणू फिरवतो. जहाजाला वर पोचायला ३० सेकंद, आणि साधा चार्ज सेकंदाला १० फुटांनी बुडतो म्हणून ५०० फुटांना ५० सेकंद. एकूण ८० सेकंद. ७ नॉटने तेवढ्यात पाणबुडी ३७ इंच जाते. वेग लगेच चढत नाही म्हणून ३० इंच धरा. म्हणजे स्ट्रायकरच्या मापाचा फास अन् शिकार अडीच फूट लांब. हा फसलेला हल्ला पाहिल्याशिवाय वॉकरची युक्ती कळत नाही.

मग दबकी चाल. दोन जहाजे लागतात. दिग्दर्शक जहाज पाणबुडीच्या मागे १० फुटांवर (१००० यार्ड) राहते, तिच्याच वेगाने चालते आणि पिंग करत राहते. पाणबुडीला आवाज दुरूनच येतोय, तो जवळ येत नाही, म्हणून ती निवांत. दुसरे जहाज अॅस्डिक बंद ठेवून ५ नॉटने मधून पुढे सरकते. इतक्या हळू चालणाऱ्या पंख्यांचा आवाज पाणबुडीच्या कानात सहसा भरत नाही. कुठे वळायचे, केव्हा टाकायचे, हे दिग्दर्शक जहाज रेडिओवरून सांगते.

फरशीवर दिग्दर्शक पट्टीचा मध्य भिंतीपासून अर्ध्या फुटावर, हल्ला करणारी पट्टी साडेपाच फुटांवर, पाणबुडी साडेदहा फुटांवर. दर चालीला (चाल म्हणजे एक मिनिट) पाणबुडी आणि दिग्दर्शक १२ इंच, हल्लेखोर २० इंच. नऊ चालींनी पाणबुडी साडेएकोणीस फुटांवर येते आणि हल्लेखोराचा मध्य साडेवीसवर, म्हणजे त्याची शेपूट पाणबुडीच्या मध्याच्या बरोबर ६ इंच पुढे. हे ६ इंच का? खोलवरच्या हल्ल्याला वजन जोडलेला जड चार्ज वापरतात, तो सेकंदाला सुमारे १७ फूट बुडतो, ५०० फुटांना ३० सेकंद. तेवढ्यात ३ नॉटची पाणबुडी ५० यार्ड, म्हणजे ६ इंच पुढे येते. चार्ज तिच्यावर टाकायचा नसतो, ती जिथे पोचणार तिथे टाकायचा.

आता २६ चकत्या, १३ जोड्या, दर ९ सेकंदांना एक जोडी, दोन जोड्यांत ३ इंच. (जोड्यांची ही वाटणी आपल्या खेळासाठी बसवली आहे, आकडा २६ वॉकरचा.) स्टॉपवॉच लावा. चौथी जोडी पडेस्तोवर पाणबुडीला पत्ता नसतो. पहिला स्फोट तिसाव्या सेकंदाला. दचकून ती पुढे पळाली तर पुढच्या जोड्यांखालीच जाते.

दिग्दर्शकापासून पाणबुडीपर्यंत सुतळी ताणून धरा, तो अॅस्डिकचा झोत. सुतळी एक अंश चुकीची धरली तर १० फुटांवर दोन इंचांचा फरक पडतो, स्ट्रायकरच्या त्रिज्येच्या अडीचपट. २६ चार्ज का लागतात ते इथे दिसते.

बर्डीचा वाचक

वरचे दोन्ही उत्तम. बोलताना होणाऱ्या चुका सांगतो.

हुद्दा आधी स्पष्ट करा. आपल्याकडे ‘कॅप्टन’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लष्करातला तीन ताऱ्यांचा तरुण अधिकारी येतो. नौदलाचा कॅप्टन हा लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा, कमांडर हा लेफ्टनंट कर्नलच्या. हे सांगितले नाही तर बढती अडली होती यातली बोच कळणार नाही. एचजी ७६ च्या वेळी तो कमांडर होता, तिथे ‘कॅप्टन वॉकर’ म्हणू नका.

‘ऑस्प्रे’ला जहाज म्हणू नका. ब्रिटिश नौदल किनाऱ्यावरच्या ठाण्यांनाही जहाजासारखी नावे देते.

‘वॉकरने इतक्या पाणबुड्या बुडवल्या’ असा एकच आकडा फेकू नका. श्रेय बहुतेक वेळा वाटलेले असते. ३० जुलै १९४३ ला बिस्केच्या उपसागरात तीन पाणबुड्या गेल्या, तिन्ही त्याच्या नावावर सांगितल्या जातात. त्यातली यू-४६१ सन्डरलंड विमानाने बुडवली, यू-४६२ ला हॅलिफॅक्स विमानाने निकामी केले आणि स्लूपांच्या तोफा तिच्यावर चालल्या, यू-५०४ मात्र गटाची. गटाचा सर्वांत मोठा पराक्रम हवा असेल तर १९४४ ची फेरी घ्या: ३१ जानेवारीला यू-५९२, मग फेब्रुवारीत यू-७६२, यू-७३४, यू-२३८, यू-४२४ आणि १९ तारखेला यू-२६४. एका फेरीत सहा. यू-२६४ वर श्नॉर्केल, म्हणजे पाण्याखाली राहून हवा घेण्याची नळी होती, आणि तिचे सगळे खलाशी जिवंत हाती लागले.

आणि त्याची प्रत्येक युक्ती यशस्वी होती असे भासवू नका, तो अन्याय होईल त्याच्या पुढच्या कामावर. एचजी ७६ मध्ये त्याची ‘बटरकप’ ही पद्धत होती: जहाज उडाले की सगळ्या रक्षकांनी प्रकाशगोळे सोडून आसपासचा समुद्र उजळायचा. पण उजेड दोघांनाही दिसतो. २१ डिसेंबरच्या रात्री एका व्यापारी जहाजाने सोडलेल्या प्रकाशात ‘ऑडॅसिटी’ची आकृती उठून दिसली आणि यू-७५१ ने तिला टिपले. पुढे लिव्हरपूलच्या डावपेच कक्षात कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि त्यांच्या हाताखालच्या महिला नौसैनिकांनी या लढाया खडूने फरशीवर मांडल्या. पाणबुडी ताफ्याच्या बाहेरून नाही, मागून रांगांच्या आत शिरून मारते, हे तिथे निघाले, आणि ‘रास्पबेरी’ नावाची नवी पद्धत बसली. म्हणजे तुम्ही धंतोलीत जे करणार आहात ते मुळात असेच शिकवले जायचे.

त्या कक्षातली एक गोष्ट उचला: खेळणारे अधिकारी कापडी पडद्यांच्या फटीतून बघत, त्यांना पूर्ण फरशी दिसत नसे. पाणबुडीची वाट हिरव्या खडूने काढत, ती तिरप्या नजरेला दिसत नसे. तुम्ही दोन जुन्या चादरी दोरीवर टाकल्या तरी काम होते. कोटा मुळातच हिरवट असतो, हिरवी रेघ त्यात पार विरते. त्यामुळे खेळ संपल्यावर तीच वाट पिवळ्या खडूने गिरवून प्रेक्षकांना दाखवा.

फुटाळाकाठ

खूप खूप आभार. एक शंका राहते, कोणीतरी नक्की विचारणार. ५ नॉटने जाणारे जहाज म्हणजे पाणबुडीला आयते लक्ष्य नाही का? आणि खुद्द वॉकरचा शेवट किती सांगावा?

खडू आणि दोरी

५०० फुटांवरून पाणबुडी टॉर्पेडो सोडू शकत नाही, तिला त्यासाठी वर यावे लागते. दिग्दर्शक जहाजाचे अॅस्डिक ते पकडते. शिवाय १९४३ च्या सप्टेंबरपासून जर्मनांकडे पंख्याच्या आवाजावर जाणारा टॉर्पेडो आला. त्याला वेगाने जाणाऱ्या जहाजाचा आवाज हवा. हळू चालणे हा त्यावरचाही उपाय होता. धोका दुसऱ्या पाणबुडीचा. २० फेब्रुवारी १९४४ ला यू-२५६ ने ‘वुडपेकर’ची शेपूट उडवली. दोराने ओढत आणताना आठवड्याने ते बुडाले.

खरी अडचण साठ्याची. या स्लूपवर ११० च्या आसपास चार्ज. एका हल्ल्याला २६, म्हणजे चार हल्ले अन् डेक रिकामा. फेब्रुवारीच्या फेरीत गटाने ताफ्यातल्या व्यापारी जहाजावरून समुद्रातच नवे चार्ज चढवून घेतले. उसळत्या लाटांत चारशे पौंडांच्या वरची पिंपे एका जहाजावरून दुसऱ्यावर न्यायची, हे नीट सांगा. पाठलागाच्या गोष्टीत लोक ही मेहनत विसरतात.

हल्ला फसायचा तो सहसा दोन कारणांनी. ५ नॉटला जहाज सुकाणूला नीट जुमानत नाही, आडवा वारा त्याला रेषेबाहेर ढकलतो. किंवा पाणबुडी शेवटच्या दोन चालींत वळते आणि दिग्दर्शकाचा निरोप उशिरा पोचतो. दुसऱ्या फेरीला पाणबुडीच्या खेळाडूला पाकिटात ‘आठव्या चालीला उजवीकडे वळ’ असे लिहून द्या. तेव्हा सगळ्या चकत्या वाया जातील, आणि दिग्दर्शकाने संपर्क न सोडता पुन्हा सुरुवात करायची. वॉकरच्या गटाचे खरे बळ ते होते.

जुना महालकर

शेवट थोडक्यात सांगा, पण गाळू नका. मुलगा टिमथी ब्रिटिश नौदलातच पाणबुडीवर होता. ‘पार्थियन’ ही त्याची पाणबुडी ऑगस्ट १९४३ मध्ये भूमध्य समुद्रात हरवली. बाप पाणबुड्या शोधून बुडवत होता अन् मुलगा पाणबुडीत गेला. त्यावर भाष्य नको, दोन वाक्ये सांगून थांबा.

१९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या स्वारीवेळी त्याचा गट इंग्लिश खाडीच्या पश्चिम तोंडाशी पाणबुड्या अडवत राहिला. जुलैत तो कोसळला आणि ९ तारखेला लिव्हरपूलजवळच्या नौदल रुग्णालयात मेंदूत गुठळी होऊन गेला. वय ४८. लिव्हरपूल कॅथीड्रलमध्ये प्रार्थना झाली आणि ‘हेस्परस’ विनाशिकेवरून लिव्हरपूलच्या उपसागरात देह समुद्राला दिला. डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक आणि त्यावर तीन बार, म्हणजे तेच पदक चारदा.

गोरेवाडा

आपल्या लोकांना जवळचा वाटेल असा एक धागा. ‘स्टार्लिंग’ ज्या जातीचे, त्याच जातीची स्लूप रॉयल इंडियन नेव्हीकडेही होती, नावे नद्यांची: सतलज, जमुना, नर्बदा, गोदावरी, कावेरी, किस्तना. ११ फेब्रुवारी १९४४ ला वॉकरच्या गटाने अटलांटिकमध्ये यू-४२४ बुडवली. त्याच दिवशी बंगालच्या उपसागरात विशाखापट्टणमजवळ ‘जमुना’ने ‘लॉन्सेस्टन’ आणि ‘इप्सविच’ या दोन ऑस्ट्रेलियन जहाजांबरोबर जपानी आरओ-११० बुडवली. १२ ऑगस्टला ‘गोदावरी’ आणि ब्रिटिश ‘फाइंडहॉर्न’ने सेशेल्सजवळ यू-१९८ संपवली. फाळणीत गोदावरी आणि नर्बदा पाकिस्तानकडे गेली, बाकी चार आपल्याकडे राहिली. फूटपट्ट्यांवर ‘स्टार्लिंग’बरोबर ‘गोदावरी’ही लिहा, लांबी तीच आहे.

आता फरशीचे. कोटा बाजारात २२ इंचांचाही मिळतो, दिसायला दोन फुटांसारखाच. सांधे मोजून अंतर धरले तर पंधरा फरश्यांत अडीच फूट, म्हणजे २५० यार्डांची चूक होईल. मेजर टेपने मोजून मास्किंग टेपच्या खुणा करा. पॉलिश केलेल्या कोट्यावर खडू घसरतो, आदल्या दिवशी ओल्या फडक्याने तेलकटपणा काढून फरशी पूर्ण वाळू द्या.

आणि पंखे. चाळीस माणसांत ते बंद ठेवता येणार नाहीत, अन् पुठ्ठ्याच्या चकत्या दुसऱ्या जोडीपासूनच उडायला लागतील. प्रत्येक चकतीखाली लोखंडी वॉशर चिकटवा.

फुटाळाकाठ

२६ वॉशर आजच हार्डवेअरच्या दुकानातून आणतो. फरशी मोजली: २२ इंचांचीच निघाली.